थंडीनं नाही बसले, अक्का

अक्का, तुमचं शेवटचं वाक्य मला मान्य नाही. ते टाकून तुम्ही निघून गेलात, मला तोंड उघडायलाही सवड दिली नाहीत. म्हणून आज ड्यूटीवरून आल्या आल्या, चहासुद्धा न घेता, उत्तर द्यायला बसले आहे.

काल तुमच्या तेराव्याचा शुभस्वीकार झाला, गोडाचं जेवण झालं. पंगतीत जो तो तुमचे गुण गात होता. कुणी म्हणालं, साक्षात अन्नपूर्णा. कुणी म्हणालं, बाईनं शब्दानं कधी कुणाला दुखावलं नाही. मी तूप वाढत होते, माझा हात तिथंच थांबला. खरंच आहे ते. शब्द तुम्ही फार खर्च करत नव्हता. तुम्ही रांगोळी वापरायचात.

मी तुमचे गुण गायला बसलेली नाही. मला सूड हवा होता आणि तो न देताच तुम्ही गेलात. फार मोठा नव्हता हो तो. एखाद्या हिवाळ्यातल्या सकाळी, गल्लीतल्या चार बायकांसमोर, तुम्ही म्हणावं, "जमलं गं हिला." बस, एवढंच. एवढ्यासाठी मी इतके हिवाळे सायकल चालवली. आणि जाताना तुम्ही काय म्हणालात? "बघ, थंडीनं घरी बसवलं ना शेवटी."

मी बेळगावहून बंगळूरला या घरात आले ती एक पेटी आणि एक सायकल घेऊन. मॅट्रिक झाले तेव्हा वडिलांनी घेऊन दिलेली सायकल. ती उतरवताना अख्खी कब्बनपेटेची गल्ली दारात उभी होती. तुमचं घराणं तीनशे वर्षांपूर्वी फौजेबरोबर इकडं आलेलं. तलवारी कधीच गेल्या, ऐट मात्र तशीच. तुम्ही थोरल्या जाऊबाई. तुम्हाला सगळं घर अक्का म्हणे, सासूबाईसुद्धा. तुमच्या मराठीत निम्मं कन्नड आणि हसायचात मात्र माझ्या मराठीला. मला नावानं हाक कधी मारली नाहीत. "ही आमची बेळगावकरीण," असं म्हणायचात, आणि त्यातल्या 'आमची'वर कुणी भाळू नये म्हणून लगेच नाक मुरडायचात.

मग मला दंडूतल्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये नोकरी लागली. कॅन्टोन्मेंटला तुम्ही जुने लोक दंडूच म्हणता. सकाळची पाळी सहाला. त्या वेळी बस नसे आणि रोज जटका म्हणजे टांगा करणं आपल्याला झेपणारं नव्हतं. हे रेल्वेत, आर्सीकेरेला. घरी येणार ते रविवारी. थोरले भावजी भिडस्त. म्हणजे हो-नाही करणाऱ्या तुम्हीच. तुम्ही नाही म्हणाला नाहीत. नवरात्रातल्या हळदीकुंकवाला बायकांनी घर भरलेलं असताना, माझ्या हातावर अत्तर लावता लावता तुम्ही म्हणालात, "जाऊ दे की सायकलवरून. स्वल्प थंडी पडू दे. धुंधुरमास लागला की आपणहून उतरेल." सगळ्या हसल्या. नवी होते म्हणून मीही हसले. बेळगावात काय थंडी नसते, असं ओठावर आलं होतं, ते गिळलं. ते अजून घशात आहे.

बंगळूरच्या थंडीला बाहेरचे लोक नावं ठेवतात. बर्फ नाही, काही नाही, म्हणतात. त्यांनी एकदा उजाडायच्या आत हडसन सर्कलवरून कब्बन पार्कात सायकल घालून दाखवावी. बांबूच्या बेटांमधून धुकं रस्त्यावर उतरलेलं असे. डायनामोच्या उजेडात चाकापुढचा हातभर रस्ता दिसे आणि चढावर पाय मंदावले की तोही दिसेनासा होई. हातात मी ह्यांचे लोकरीचे पायमोजे चढवत असे. डोक्याला मफलर, वरून पदर, निऱ्या खोचलेल्या. नाकातून पाणी, डोळ्यांतून पाणी. त्या अवताराला पाहून पार्कातले माळी सुरुवातीला थबकत, मग त्यांनाही सवय झाली.

मला झाली नाही. एक्स्चेंजमधल्या मुली विचारत, "एवढ्या थंडीत रोज कशा येता हो?" मी सांगे, सवय झालीय. साफ खोटं. थंडीची सवय होत नाही. गोधडीतून पाय बाहेर काढताना रोज वाटे, आज नको. डोकं दुखतंय म्हणावं, पाळी बदलून घ्यावी, नाहीतर नोकरीच सोडून द्यावी. मग मला तुमचा आवाज ऐकू येई. आपणहून उतरेल. की माझे पाय फरशीला लागलेच. फरशी बर्फासारखी असे, पण मी आतून पेटलेली. एका नव्या मुलीनं फारच खोदून विचारलं, तेव्हा मी तिला म्हटलं, "आधी अशी एखादी जाऊ शोध." तिला वाटलं मी थट्टा करते आहे. डिसेंबरच्या मध्यावर तिनं सकाळची पाळी सोडली.

पहिल्या धुंधुरमासातली ती सकाळ तुम्हाला आठवत असणारच. उंबऱ्यापुढं सडा घालून मोठी रांगोळी काढायची या महिन्यातली रीत. मला अंधारात दिसलीच नाही. सायकल सरळ बाहेर ढकलली आणि चाकं तुमच्या कमळातून गेली. दव पडलेलं, चाकं ओली. गल्लीच्या टोकापर्यंत पांढरी रेघ उमटली. उजाडल्यावर सगळ्या गल्लीनं ती पाहिली, बायका तिच्यावर पाय पडणार नाही अशा बेतानं चालल्या म्हणे. दुपारी मी परत आले तेव्हा तुम्ही डाळ निवडत होतात. मी माफी मागितली. तुम्ही मान वर केली नाहीत.

दुसऱ्या दिवशी रांगोळी या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत होती. बोट टेकायला जागा नाही. तुम्ही रांगोळीच्या पिठाचा डबा घेऊन कडेला उकिडव्या.

"स्वल्प थांब गं. अजून ओली आहे."

"मला उशीर होतोय, अक्का."

"सरी, बरं, मग जा की. मी कुठं अडवलंय?"

मी सायकल खांद्यावर घेतली, निऱ्या पोटरीपर्यंत वर खोचल्या आणि लांब ढांग टाकली. पलीकडे पोचले. रांगोळीचा एक ठिपका हलला नाही. मागं वळून पाहिलं तर तुम्ही माझी ढांग नजरेनं मापत होतात. पुढच्या वर्षी रांगोळी वीतभर वाढली. त्याच्या पुढच्या वर्षी आणखी. गल्लीतल्या बायका खिडक्या किलकिल्या करून बघत आणि तुमच्या हातचं कौतुक करत, काय सुरेख काढतात अक्का! सुरेख होतीच. खंदक होता तो, सुरेख खंदक.

आणि धुंधुरमास एका महिन्याचा असतो, हे मी कुणाला सांगू? तुमचा दिवाळी संपली की लागायचा आणि शिवरात्रीला सुटायचा. मी कितीही लवकर उठले तरी तुम्ही माझ्या आधी दारात. अंगावर ते विटकं सुती पातळ, स्वेटर नाही, शाल नाही, बूड जवळजवळ ओल्या दगडावर. मी गोधडीतून तुमच्यामुळं उठत होते हे ठीक. तुम्ही कुणामुळं उठत होतात, अक्का? देवाचं नाव सांगू नका.

मग ती हुग्गी. उजाडायच्या आत नैवेद्य, मुगाची डाळ, तांदूळ, मिरी, वरून तूप. खांद्यावर सायकल घेऊन मी पलीकडे पोचले की तुम्ही म्हणायचात, "प्रसादाला नको म्हणू नये, हात पुढं कर." आणि रांगोळीवरून वाकून तो चटके देणारा गोळा थेट तळहातावर ठेवायचात. पायमोजा काढायला लावून! माझं तोंड वेडंवाकडं झालं की तुमच्या डोळ्यांत जे दिसे ते समाधान होतं, मी ओळखते. मी तो गोळा तोंडात कोंबून, जीभ भाजून घेऊन निघत असे. तो तळहात कब्बन पार्क ओलांडेपर्यंत गरम राही, हे खरं आहे. खोटं बोलणार नाही. पण काल पंगतीत एकजण म्हणाल्या, "केवढी माया, रोज प्रसाद दिल्याशिवाय सोडायच्या नाहीत." तेव्हा मी तुपाचं भांडं ठेवून आत निघून गेले. माया असली की माणूस पानावर घालून देतं. तळहात भाजत नाही.

आता हंड्याचं काढते. ते काढल्याशिवाय तुम्हाला सुटका नाही.

मी बाळंतपणाला बेळगावला गेले. तीन महिन्यांची पोर घेऊन परत आले, न्हाणीघराच्या बोळात पाहते तर सायकल नाही. तिच्या जागी चूल घालून बसवलेला नवा कोरा तांब्याचा हंडा. असा झळझळत होता की त्यात माझंच तोंड दिसलं. घरातली मोडकी भांडी आणि माझी सायकल, सगळं एकत्र देऊन तुम्ही तो आणला होता. मी विचारलं तेव्हा शांतपणे म्हणालात, "गंजत होती. बाळंतिणीला कढत पाणी लागतं गं, सायकल कशाला लागते?"

माझ्या वडिलांनी दिलेली सायकल, अक्का. मला न विचारता. मी रडले नाही, भांडलेही नाही. भावजी तेवढे दोन दिवस माझ्यासमोर यायला लाजत होते. मी माझ्या पाटल्या मोडल्या आणि शिवाजीनगरच्या सायकलवाल्याकडं गेले. इंग्लंडला निघून गेलेल्या कुणा मेमसाहेबाची लेडीज सायकल होती त्याच्याकडं, मागच्या चाकाला जाळी लावलेली. तो म्हणाला, "बाई, ये बहुत भारी गाडी है. उठाने कू नै होती तुमसे." मी तिथल्या तिथं ती खांद्यावर घेऊन दाखवली. त्याला काय माहीत, माझा सराव कुणी करून घेतला होता!

आणि त्या हंड्यातल्या पाण्याचा थेंब अंगावर घ्यायचा नाही, असं मी ठरवलं. पोरीला तुम्ही त्यातच न्हाऊ घालायचात, ते चालू दिलं, वैर माझं होतं, तिचं नव्हतं. मी स्वतः हौदातल्या थंड पाण्यानं आंघोळ करत आले, पौषात, माघात, ताप अंगात असतानासुद्धा. तुम्हाला ते पहिल्याच दिवशी कळलं. रोज पहाटे तुम्ही न्हाणीच्या दाराशी येऊन म्हणायचात, "पाणी कडकडीत तापलंय, हं." मी आतून तांब्या आपटून थंड पाणी ओतत असे, तुम्हाला ऐकू जावं म्हणून. दात वाजलेले मात्र ऐकू जाऊ दिले नाहीत.

हे सगळं वर्षानुवर्षं चाललं आणि आपण दोघी म्हाताऱ्या व्हायला लागलो. मी चाळिशीकडं, तुम्ही पन्नाशीच्या पुढं. गेल्या दोन हिवाळ्यांत तुमचा दमा वाढला. डॉक्टरांनी सांगितलं, पहाटे बाहेर बसायचं नाही. दुसऱ्या दिवशी तुम्ही दारात. मी म्हटलं, "अक्का, पुरे आता, आत चला." तुम्ही धापा टाकत, पिठाची रेघ न मोडता, म्हणालात, "तू सायकल सोड. मी रांगोळी सोडते."

"आधी एकदा म्हणा, जमलं हिला म्हणून. मग बघू."

"ते होणार नाही."

"मग हेही होणार नाही."

तुम्ही हसलात. हसता हसता खोकला आला, मी खांद्यावरची सायकल उतरवून तुमची पाठ चोळली, आणि मलाही हसू आलं. आपण दोघी मिळून हसलेल्या अशा सकाळी फार नाहीत. मग तुम्ही मला ढकललंत आणि म्हणालात, "जा, उशीर होतोय तुला." आता कुणी मला म्हणेल, तेव्हा ऐकायचं होतंस. मी नव्हते ऐकणार. आजही तुम्ही तोच सौदा घेऊन आलात तर मी नाहीच म्हणेन. हार मानून तुम्हाला जगवलं असतं तर तुम्हीच मला माफ केलं नसतं.

या धुंधुरमासात तुम्ही चारच दिवस रांगोळी घातलीत आणि पडलात. त्या रात्री श्वास लागला तो थांबेना. मी शेजारच्या मुलाकडून एक्स्चेंजला निरोप पाठवला, येत नाही. हिवाळ्यातला माझा तो पहिला खाडा. बाहेर अशी थंडी होती की खिडकीच्या काचेवर बोटानं लिहिता आलं असतं, पण मला त्या दिवशी थंडी आठवलीदेखील नाही. मी तुमच्या पायांना गरम पाण्याची बाटली लावत बसले होते. फटफटीत उजाडलं तेव्हा तुम्ही डोळे उघडले. माझ्याकडं पाहिलंत, मग खिडकीकडं, मग पुन्हा माझ्याकडं.

"गेली नाहीस?"

"नाही."

तेव्हा तुम्ही ते म्हणालात. थंडीनं घरी बसवलं ना शेवटी. आणि डोळे हळदीकुंकवाच्या दिवशी चमकले होते तसेच चमकले. मी उत्तर द्यायला तोंड उघडलं, तेवढ्यात तुम्हाला खोकल्याची ढास आली. मग डॉक्टर आले. मग दुपार व्हायच्या आत सगळं संपलं. असं कुठं असतं का, अक्का? आपल्यावर वार करून माणूस असं निघून जातं का?

तुम्हाला न्हाऊ घालायला मीच पुढं झाले. सवाष्ण गेलात, हिरवं पातळ आणलं होतं. कुणीतरी म्हणालं, कोमट पाणी आणा. मी त्या हंड्यात तांब्या बुडवला आणि ते पाणी तुमच्या अंगावर घातलं. माझ्या हातांवरून ओघळलं, कोपरांपर्यंत गेलं. किती छान तापतं हो पाणी त्यात! मला इतकी वर्षं माहीत नव्हतं. मी तुमचे केस धुतले आणि एवढी रडले की बायकांनी मला बाजूला घेतलं. त्यांना वाटलं, जावेचं दुःख. दुःख होतंच. रागही तेवढाच होता, आणि कोणतं पाणी कशाचं हे मला सांगता आलं नसतं.

मग सुतक. मी रजेवर, दारात रांगोळी नाही. पहाटे जाग यायची ती ठरल्या वेळी, आणि कान देऊन पडून राहायचे. सडा घातल्याचा आवाज नाही, डब्याचं झाकण नाही, तो खोकला नाही. एका सकाळी सायकल पुसायला म्हणून बाहेर काढली, तर ती उंबऱ्यावरून घरंगळत सहज गल्लीत गेली. समोर नुसता दगड, कोरडा, रुंद. एवढं मोकळं दार मी त्या घरात कधी पाहिलं नव्हतं. मला पुढं जाववेना. मी सायकल फिरवून आत आणली आणि गोधडीत शिरले. वाटलं, नोकरी सोडावी आता. कुणासाठी उठायचं या गारठ्यात? तुमचं खरं होत चाललं होतं, अक्का, आणि तेही तुम्ही नसताना. एवढा कावा जिवंतपणी तुम्हाला साधला नव्हता.

म्हणून आज उठले. अंधार होता, थंडी मी म्हणत होती. आंघोळ हौदातल्या पाण्यानंच केली. हंड्याशी माझं मिटलेलं नाही. सडा घातला. तुमचा पिठाचा डबा घेऊन उंबऱ्याशी उकिडवी बसले तेव्हा भावजी आतून आले. म्हणाले, "आज असू दे गं. एवढी थंडी आहे."

"थंडीचं नाव काढू नका, भावजी," मी म्हटलं. ते कंदील घेऊन मागं उभे राहिले.

तुमचा हात मला नाही. कमळाची एक पाकळी मोठी झाली, एक वाकडी गेली. पण या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत काढली, बोट टेकायला जागा ठेवली नाही. पाय आखडले, बोटं सुन्न झाली. मग सायकल आणली. सवयीनं खांद्यावर घ्यायला वाकले आणि थांबले. कुणाला दाखवायचं होतं उचलून? माझी ढांग मापायला कोण बसलं होतं तिथं? मी सायकल उचललीच नाही, सरळ कमळातून नेली. अगदी मधोमध. भावजींनी "अय्यो!" म्हटलं.

गल्लीच्या टोकाला पाय टेकून मागं वळून पाहिलं. उंबऱ्यापासून माझ्या चाकापर्यंत पांढरी रेघ. उजाडल्यावर बायका पाहतील, त्यांना काय म्हणायचं ते म्हणोत. तुम्हीही पाहा, आणि ऐका, कारण तुम्ही मला बोलू दिलं नव्हतं. मी त्या दिवशी थंडीनं बसले नव्हते, अक्का. तुमच्यासाठी बसले होते. तो खाडा थंडीच्या नावावर लावून घ्यायचा नाही. आज त्याहून जास्त थंडी आहे आणि मी निघाले आहे, जमलंय मला.

एवढं गल्लीतच मोठ्यानं म्हणून मी पॅडल मारलं. हडसन सर्कल गेलं. कब्बन पार्कात शिरण्याआधीच दोन्ही तळहात गार पडले होते.